चाळीस लिटर समुद्र आणि शंभर पानी वही

सोलापूरहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. पत्र आंतरदेशीय नसले तरी मजकूर मात्र जुन्या आंतरदेशीय पत्रासारखाच काठोकाठ भरलेला आहे. त्या लिहितात, ‘माझा मुलगा आठवीत आहे. दिवाळीत मुंबईला मामाकडे गेला आणि तिथे शेजाऱ्यांकडे खाऱ्या पाण्यातले नारिंगी-पांढरे मासे बघून आला. तेव्हापासून रोज तेच. गेल्या वर्षी हट्टापायी काचेच्या गोल बरणीत दोन गोल्डफिश आणले होते, ते आठ दिवसांत मेले. पोरगं दोन दिवस नीट जेवलं नाही. पुन्हा तसंच होणार असेल तर मला ते नको. पण त्याचं मनही मोडवत नाही. तुमच्या घरी अशी टाकी आहे असं तुम्ही मागे लिहिलं होतं. घेऊ की नको, एका ओळीत कळवा.’

ताई, एका ओळीत कळवता आले असते तर पोस्टकार्डच पाठवले असते. हा प्रश्न पैशाचा आहे तसा जिवाचाही आहे. म्हणून आजचे सगळे सदर तुमच्या पत्राला दिले आहे. इतरही अनेक घरांत हाच हट्ट चालू असेल. त्यांनाही याचा उपयोग व्हावा.

बरणीत काय घडले?

आधी त्या दोन गोल्डफिशांचा पंचनामा करू. मासे आजारी नव्हते, तुमच्या मुलाने हयगय केली नाही आणि नजरही कोणाची लागली नाही. मासा खातो, विष्ठा टाकतो, कल्ल्यांतून अमोनिया बाहेर सोडतो. उरलेले खाद्य कुजते, त्यातूनही अमोनियाच निघतो. नदीत, तलावात, समुद्रात हा अमोनिया खाणारे जिवाणू असतात. एका जातीचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि ते मासा बऱ्याच प्रमाणात सोसू शकतो. नव्या कोऱ्या बरणीत यातले काहीच नसते. म्हणजे घर दिले, पण त्या घराला मोरी दिली नाही. आठ दिवसांत माशांना त्यांच्याच घाणीची बाधा झाली.

हे जिवाणू विकत आणून ओतले तरी त्यांना वाळूवर, दगडावर, फिल्टरच्या स्पंजावर बसून वाढायला वेळ लागतो. चार ते सहा आठवडे धरून चालावे. खाऱ्या पाण्यात तर ही अट आणखी कडक होते. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१ ते ८.४ असतो आणि पाणी जितके अल्कधर्मी तितका अमोनिया अधिक विषारी. शिवाय खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा सुमारे पाचवा हिस्सा प्राणवायू कमी विरघळतो. म्हणून गोड्या पाण्यात एखाद्या वेळी जी घाई निभावून जाते, ती इथे निभावत नाही.

समुद्र म्हणजे मिठाचे पाणी नव्हे

पुष्कळांना वाटते, घरातले मीठ पाण्यात टाकले की झाला समुद्र. तसे नाही. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात सोडियम आणि क्लोराइड हे मोठे भागीदार खरे, पण मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम हेही हिस्सेदार आहेत. त्यांच्यावाचून शंखातल्या गोगलगाईचे कवच घडत नाही आणि पाण्याचा सामू टिकत नाही. म्हणून मत्स्यपालनाच्या दुकानात मिळणारे समुद्री मीठच घ्यावे. स्वयंपाकाचे नको, सैंधवही नको.

मुंबईच्या नातेवाइकाने चौपाटीवरून कॅन भरून आणतो म्हटले तर प्रेमाने नाही म्हणावे. किनाऱ्याजवळच्या त्या पाण्यात गाळ आणि सांडपाणी असते, आणि पावसाळ्यात त्याचा खारटपणाही उतरतो. सोलापुरात बसून तयार केलेला समुद्र त्यापेक्षा स्वच्छ असेल.

पाणी आर. ओ.चे घ्यावे. टीडीएस जितका कमी तितके बरे. बोअरचे पाणी नको. नळाच्या पाण्यातला क्लोरीन मासे आणि जिवाणू दोघांनाही मारक असतो. दर लिटरला साधारण ३६-३७ ग्रॅम मीठ टाकून पाणी वेगळ्या प्लॅस्टिकच्या बादलीत एक दिवस पंपाने ढवळत ठेवावे. मग हायड्रोमीटरने मोजावे. दूध संकलन केंद्रावर लॅक्टोमीटर पाहिले असेल, त्याचेच हे भावंड. २५ अंश तापमानाला ते १.०२५ ते १.०२६ दाखवील तेव्हा समुद्र जमला. ही बादली दुसऱ्या कामाला वापरू नये आणि तिला साबण लावू नये. तांब्या-पितळेचे भांडे या पाण्याला अजिबात लावू नये. तांब्याचा अंश कोळंबीला आणि गोगलगाईला विषासारखा आहे.

सामान आणि जागा

फार लहान टाकी स्वस्त पडेल असे वाटते, पण तिथेच माणूस फसतो. मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयातले मोठे हौद आमच्या पिढीने काचेला नाक लावून पाहिले. त्या हौदात एखादी चूक मुरून जाते. घरातल्या लहान टाकीत तीच चूक संध्याकाळपर्यंत अंगावर येते. म्हणून नवख्याने दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच यापेक्षा लहान टाकी घेऊ नये. तिचे माप भरते सुमारे ५७ लिटर. वर दोन इंच मोकळे सोडून, वाळू आणि दगड ठेवून प्रत्यक्ष पाणी उरते सुमारे ४० लिटर. पुढचा सारा हिशोब या चाळीस लिटरांचा आहे.

एवढ्या पाण्याला पहिल्यांदा सुमारे दीड किलो मीठ लागते. चुनखडीयुक्त समुद्री वाळूचा एक इंचाचा थर पुरतो. चार-पाच किलो कोरडे, कृत्रिम, छिद्रयुक्त दगड घ्यावेत. जिवाणूंची वस्ती याच छिद्रांत होते. कडेला अडकवायचा फिल्टर, पाणी फिरवणारा लहान पंप, पांढरा-निळा एलईडी दिवा, थर्मामीटर, आणि अमोनिया, नायट्राइट व नायट्रेट तपासायचे संच एवढे पुरे. संचावर काटकसर करू नये. दिव्यावर केली तर चालेल.

भरलेली टाकी साठ किलोच्या आसपास जाते. टीव्हीच्या शोकेसवर ती ठेवू नये. मजबूत आणि सपाट टेबल पाहावे. कोणी सांगेल, टाकी अमुक दिशेला ठेवली की घरात पैसा येतो. आमच्याकडेही एक गृहस्थ तसे सांगून गेले. पैसा आला नाही, विजेचे बिल मात्र वेळेवर आले. टाकीला एकच दिशा वर्ज्य आहे, जिकडून थेट ऊन येते ती. उन्हाने पाणी तापते आणि शेवाळ माजते.

सोलापूरच्या उन्हाळ्याची काळजी आधीच करावी. पाणी २५ ते २७ अंशांवर राहिले पाहिजे. टाकीचे झाकण काढून जाळी बसवावी आणि पृष्ठभागावर वारा जाईल असा छोटा पंखा लावावा. माठातले पाणी गार होते त्याच न्यायाने हे पाणीही दोन-तीन अंश उतरते. कोरड्या हवेत हा उपाय मुंबईपेक्षा तुमच्याकडे जास्त चालेल. कडक उन्हाळ्यात खोलीच तापली असेल तर एवढ्याने भागणार नाही. तेव्हा टाकी घरातल्या सर्वांत गार खोलीत हवी. थंडीच्या रात्रींसाठी थर्मोस्टॅट असलेला ५० वॅटचा हीटर ठेवावा. वीज गेली तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी हवा. माशाला उपास दोन दिवस चालतो, पण प्राणवायूचा उपास काही तासही चालत नाही.

सहा आठवडे मासा नाही

पाणी भरले, दगड लावले, दिवा लावला. आता मुलगा म्हणेल, चला मासे आणू. इथे ताई, तुम्ही ठाम राहायचे.

रिकाम्या टाकीत दोन-तीन दिवसांनी चिमूटभर माशाचे खाद्य टाकावे. ते कुजते, अमोनिया वाढतो, त्यावर जिवाणू पोसले जातात. दिवसाआड संचाने तपासून आकडा वहीत लिहावा. आधी अमोनिया चढेल, मग तो उतरू लागेल आणि नायट्राइट चढेल. शेवटी तोही उतरेल आणि नायट्रेट दिसू लागेल. मधल्या काळात वाळूवर तपकिरी साय धरेल. घाबरू नये, ती सूक्ष्म शेवाळे असतात, बहुधा काही आठवड्यांत कमी होतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, आणि खाद्य टाकल्यावर दुसऱ्या दिवशीही शून्यच राहिले, म्हणजे मोरी चालू झाली. मग निम्मे पाणी बदलावे आणि दुकानाची वाट धरावी.

या सहा आठवड्यांत बघायला काही नसते. ओले दगड आणि वहीतले आकडे. पण मुलाची परीक्षा याच काळात होते, आणि ती कोणताही जीव पणाला न लावता होते.

आमची कोळंबी का मेली?

आता माझी स्वतःची चूक सांगतो. दुसऱ्याला शहाणपण शिकवणाऱ्याने आपली चूक झाकू नये.

पहिल्या वर्षीचा मे महिना. पंखा लावलेला, त्यामुळे रोज अर्धा लिटर पाणी उडत होते. मी विचार केला, समुद्राचे पाणी कमी झाले, तर समुद्राचेच घालायला हवे. रोज रात्री जेवण झाले की अर्धा लिटर तयार खारे पाणी ओतायचो. बारा दिवस हे व्रत चालले. तेराव्या दिवशी सकाळी आमची सफाई कोळंबी उताणी पडलेली. लाल पाठीवर पांढरा पट्टा असलेला तो देखणा जीव माशांच्या अंगावरचे परजीवी आणि मेलेली त्वचा टिपायचा. माझ्या मुलीने हात पाण्यात धरला की नखे साफ करायला यायचा. गोगलगाईही तोंडे मिटून बसलेल्या. अमोनिया तपासला, शून्य. मी दुकानदाराला दोष देऊ लागलो.

मुलगी तेव्हा नववीत होती. तिने विचारले, “पप्पा, मिठागरात काय होतं?”

मी म्हटले, “पाणी उडून जातं, मीठ राहतं.”

ती काही बोलली नाही. तिने फक्त टाकीकडे पाहिले.

भांडुप, उरण, पेणची मिठागरे गाडीच्या खिडकीतून उभा जन्म पाहिलेला मी. हायड्रोमीटर टाकला तर १.०३०. मग कागदावर हिशोब मांडला. चाळीस लिटर पाण्यात लिटरला ३५ ग्रॅमप्रमाणे १,४०० ग्रॅम क्षार. उडाले ते नुसते पाणी, मीठ जागेवरच. मी त्यावर बारा दिवसांत सहा लिटर खारे पाणी घातले, म्हणजे २१० ग्रॅम मीठ वर चढवले. एकूण १,६१०. लिटरला ३५ ऐवजी ४०. बी. कॉम. झालेल्या माणसाला जमेच्या बाजूला एकच नोंद दोनदा केल्याचे बारा दिवस कळले नाही, आणि त्याची किंमत एका मुक्या जिवाने दिली.

तेव्हापासून नियम केला. उडालेल्या पाण्याची भरपाई फक्त गोड्या, आर. ओ.च्या पाण्याने. टाकीच्या काचेवर पट्टी चिकटवून पातळीची खूण केली आहे. रोज सकाळी चहाच्या आधी खुणेपर्यंत पाणी. खारे पाणी फक्त तेव्हाच, जेव्हा खारे पाणी बाहेर काढले असेल.

कोणते जीव आणावेत?

मुलाने पाहिलेला मासा म्हणजे क्लाउनफिश. २००३ सालच्या ‘फाइंडिंग नीमो’ चित्रपटामुळे तो घरोघरी माहीत झाला. आपल्याकडे क्लाउनफिशच्या जाती अंदमान, लक्षद्वीप, मन्नारचे आखात इथल्या प्रवाळांत आढळतात. मासा काटक आहे, आणि बंदिस्त पाण्यात त्याची पैदास होते ही सर्वांत मोठी गोष्ट. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या पैदाशीचे तंत्र आपल्या देशात विकसित केले आहे. म्हणून दुकानात पहिला प्रश्न हाच विचारावा, पैदास केलेला आहे की समुद्रातून पकडलेला? फिलिपाइन्ससारख्या देशांत प्रवाळांत सायनाइड फवारून मासे गुंगवून पकडण्याची पद्धत १९६० च्या दशकापासून पसरली. असा मासा पुष्कळदा विकणाऱ्याकडे जगतो आणि आपल्या घरी मरतो.

चाळीस लिटरांत दोन लहान क्लाउनफिश, तीन-चार गोगलगाई, एक-दोन संन्यासी खेकडे. बस्स. महिन्याभराने जमल्यास एक कोळंबी. दुकानदार तिसरा, चौथा मासा देऊ करील, घेऊ नये. पिशवी आणल्यावर वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवावी, मग बारीक नळीने थेंब थेंब टाकीचे पाणी सोडून अर्ध्या तासाने मासा जाळीने उचलावा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये.

या माशाची एक गंमत मुलाला सांगा. सगळे क्लाउनफिश जन्मतात ते नर म्हणून. जोडीत जो थोर होतो त्याची मादी होते. ती मेली तर उरलेला नर मादी होतो. निसर्गाने स्त्री-पुरुषाची भिंत आपल्याइतकी पक्की बांधलेली नाही. नीट सांभाळला तर हा मासा दहा वर्षांहून अधिक जगतो. म्हणजे आठवीतला मुलगा पदवीधर होऊन नोकरीला लागेल तेव्हाही तो मासा घरात असेल. हट्ट पुरवण्याआधी ही गोष्ट दोघांनी बसून बोलावी.

काय आणू नये?

सी-ॲनिमोन आणू नये. क्लाउनफिशला बंदिस्त टाकीत त्याची गरज नसते, आणि तो मेला तर एका रात्रीत सारी टाकी नासवतो.

प्रवाळ आणि समुद्रघोडा तर मुळीच नको. इथे कायदा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली समुद्रघोडे, खडक बांधणारे प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे यांचा समावेश झाला. वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत प्रवाळ आहे. बाळगणे हाही गुन्हा आहे आणि शिक्षा तीन ते सात वर्षे कैद. मला एका दुकानात कापडाखाली झाकलेला प्रवाळाचा तुकडा दाखवून ‘घरात कोण बघायला येतंय?’ असे सांगितले गेले. कोणी बघत नाही म्हणून करायचे, असे आपण मुलांना शिकवणार आहोत काय? म्हणूनच वर मी कृत्रिम दगड लिहिला आहे. समुद्रातून तोडून आणलेला ‘जिवंत दगड’ लिहिला नाही.

आणि ही केवळ कायद्याची बाब नाही. इंग्लंडात फिलिप हेन्री गॉस यांच्या १८५४ च्या ‘द ॲक्वेरियम’ या पुस्तकाने घरोघरी समुद्री टाक्यांचे वेड लागले. लोकांनी किनाऱ्यावरचे खडक ओरबाडून काढले. पुढे १९०७ साली त्यांचे चिरंजीव एडमंड गॉस यांनी आपल्या आत्मकथनात त्या उजाड झालेल्या किनाऱ्यांबद्दल हळहळून लिहिले आहे. समुद्राच्या प्रेमापोटीच समुद्राचा एक कोपरा रिकामा झाला.

टाकी नकोशी झाली तर मासे नदी-तलावात किंवा खाडीत सोडू नयेत. दुकानात परत द्यावेत.

आठवड्याचा हिशोब

दर रविवारी चार लिटर पाणी काढायचे, चार लिटर नवे खारे पाणी घालायचे. त्याला आठवड्याला दीडशे ग्रॅम, म्हणजे वर्षाला पावणेआठ-आठ किलो मीठ. फिल्टर आणि पंप मिळून १३ वॅट दिवसरात्र आणि १८ वॅटचा दिवा आठ तास धरला तर महिन्याला सुमारे १४ युनिट वीज. पंखा आणि हीटर वेगळे. खाद्य दिवसातून दोनदा, मिनिटभरात संपेल इतकेच.

खाद्य जास्त पडले तर काय होते, तेही हिशोबाने सांगतो. आठवड्याला नायट्रेट २ ने वाढत असेल आणि आपण दहावा हिस्सा पाणी बदलत असू, तर नायट्रेट वाढत वाढत २० वर जाऊन थांबते. आठवड्याला ५ ने वाढत असेल तर ते ५० वर थांबते. थकबाकी नेहमी दहा पट. म्हणून मूठ आवरावी. पाहुण्यांना, विशेषतः प्रेमळ पाहुण्यांना, खाद्याची डबी दाखवू नये.

तर ताई, घ्यावी की नको?

माझे उत्तर असे आहे. टाकी घेण्याआधी मुलाला शंभर पानी वही घेऊन द्या. या लेखातले काय काय लागणार, त्याची यादी आणि दुकानात विचारून किमती त्याने स्वतः त्या वहीत लिहाव्यात. बेरीज त्याने करावी. ती बेरीज घराच्या खर्चात बसत नसेल तर तसे त्याला स्पष्ट सांगा. आठवीतल्या मुलाला घराची मिळकत कळली तर बिघडत काही नाही.

बसत असेल तर टाकी घ्या, आणि सहा आठवडे मासा घेऊ नका. तापमान, खारटपणा, अमोनिया यांचे आकडे त्याने लिहावेत. तारखा सलग भरल्या तर सातव्या आठवड्यात दोन मासे. वही मधेच कोरी पडली तर टाकी विकून टाका. पैशाचे थोडे नुकसान होईल, पण त्या घरात कोणी मेलेले नसेल.

आमच्या घरची वही आता तिसरी आहे. पहिल्या वहीत मे महिन्यातले एक पान मुलीने दुमडून ठेवले आहे. त्यावर आकडा एकच आहे, १.०३०, आणि खाली तिच्या अक्षरात लिहिले आहे, ‘पाणी उडतं, मीठ उडत नाही.’ ते पान मी अजून सरळ केलेले नाही.

तुमच्या मुलाने वही सुरू केली तर मला जरूर कळवा. आणि हो, त्या दिवशी पत्र त्यालाच लिहू द्या.